बाबा क्रेनवरून का उतरले

बाबा गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात दंततंत्रज्ञांच्या संघटनेचं पत्र आलं. त्यांच्या वार्षिक अंकात बाबांवर अर्धं पान छापायचं होतं. सोबत चार प्रश्न होते: जन्म कधीचा, काम कुठे केलं, या व्यवसायात कसे आले आणि स्वभाव कसा होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी चहा निवायच्या आत लिहून टाकली. चौथ्याला अर्धं पान काय, अख्खा अंक पुरला नसता. मी अडले ती तिसऱ्यापाशी.

बाबा कवळ्या बनवायचे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि त्यांची कार्यशाळा त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होती. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, मेण वितळायला निळ्या ज्योतीचा दिवा असे आणि दात घासून चकचकीत करायचं यंत्र दिवसभर घूं घूं करत असे. कवळी करायच्या आधी बाबा गिऱ्हाइकाकडून त्याचा जुना, हसरा फोटो मागून घ्यायचे. एखादा दात जरासा वाकडा, एखादा किंचित आखूड, असं जसं असेल तसं बसवायचे. "सगळे सरळ बसवले की माणूस दुसऱ्याचं हसू घालून फिरल्यासारखा दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

बरोबर एक वाजता ते वर जेवायला यायचे. शाळेत जाताना माझ्या वेण्या तेच घालायचे, त्यामुळे माझ्या केसांना कायम मेणाचा वास यायचा. धाकट्याचे पाढे चुकले की खालून यंत्र बंद व्हायचं आणि जिन्यातून आवाज यायचा, "सात आठे किती?" आमच्या दोघांच्या पायांची मापं त्यांना तोंडपाठ होती, आणि आईला डोकेदुखी होणार हे आईच्या आधी त्यांना कळायचं.

पण हे सगळं वयाच्या अडतिसाव्या वर्षानंतरचं. त्याआधी चौदा वर्षं बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. जहाजातला माल उचलून धक्क्यावर ठेवणारी, दहा मजली इमारतीएवढी उंच क्रेन. बंदरावर त्यांच्याइतका हलका हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, असं सगळे सांगायचे. अशा माणसाने ऐन उमेदीत ते काम सोडून एका बाईंच्या हाताखाली दात घासायला का बसावं, हे आमच्या घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं.

मी पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पाणी गढूळ आहे एवढं लिहून आमचं भागत नाही, का गढूळ आहे ते सापडल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही. ही खोड घरीही सुटत नाही. मी विचारायला सुरुवात केली.

"मुकादमाशी वाजलं असणार," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला.

"बाबांचं? ते कधी कोणाशी भांडले?"

"म्हणूनच म्हणतो. एकदाच भांडले असतील आणि कायमचं."

आत्याचं म्हणणं निराळं. बाबांना लहानपणापासून उंचीची भीती होती, चौदा वर्षं त्यांनी ती दाबून ठेवली आणि शेवटी ती बाहेर पडली. त्या वेळी थोरल्या काकांनी त्यांना सुनावलं होतं, हेही तिनेच सांगितलं. काका म्हणाले होते, "अरे, दात कोरून पोट भरत नाही." त्यावर बाबा म्हणाले होते, "कोरून नाही भरत दादा, बसवून भरतं." घरात तो विनोद अजून चालतो.

आईचं उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं. "त्यांना चक्कर यायला लागली होती." एवढंच म्हणायची आणि उठून कामाला लागायची.

आणि मला नेमकं ते चक्करचंच पटत नव्हतं. मी बारा वर्षांची असताना बाबांनी आम्हाला दीपगृह दाखवायला नेलं होतं. वरच्या गोल सज्जात भाऊ भिंतीला चिकटून उभा राहिला, आई तर दारातच बसली. बाबा मात्र कठड्यावरून वाकून आम्हाला बोटं दाखवून सांगत होते, ते तेलाचं जहाज, ती ओढनाव. वाऱ्याने त्यांचा शर्ट फुगला होता आणि ते मजेत होते. फक्त माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. चक्कर येणारा माणूस असा वाकतो का?

बंदरावरचे बाबांचे एकच मित्र आता हयात होते. ते क्रेनच्या खाली उभं राहून वर इशारे द्यायचं काम करायचे. दोरात एक पीळ उलटा असला तरी त्यांना खालून दिसायचा, म्हणून त्यांना सगळे घार म्हणत. आमचे ते घारकाका. बाबा गेले त्या दिवशी ते आले होते, पण दारातच उभे राहिले आणि आईकडे न बघता निघून गेले. तेही माझ्या मनात राहिलं होतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. बंदराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. खिडकीतून क्रेनची टोकं दिसत होती. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि मी प्रश्न विचारताच चष्मा काढून पुसायला घेतला.

"चक्कर आली होती त्याला," ते म्हणाले. "तसं कागदावर आहे."

"कागदावर आहे ते मला माहीत आहे, काका. तुम्ही खाली उभे होतात. तुम्हाला काय दिसलं?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काच झिजेल असं मला वाटायला लागलं.

"मी त्याला शब्द दिला होता," ते म्हणाले. "तू आणि तुझी आई, दोघींना कळू द्यायचं नाही. आता तो नाही. शब्द कोणाला परत करू?"

"मला करा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सांगायला लागले.

क्रेनच्या केबिनमधून आमच्या इमारतीची गच्ची दिसायची. सरळ रेषेत, अर्धा किलोमीटरवर. आई रोज दहाच्या सुमाराला गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची. मला कडेवर घ्यायची आणि क्रेनकडे हात करायला सांगायची. मी तेव्हा चार वर्षांची. बाबा वरून हात हलवायचे. आम्हाला तो दिसत नसणार, पण ते हलवायचे आणि घारकाका खालून त्यांना हसायचे.

मग धाकट्याचा जन्म झाला. बाळंतपणानंतर आईला ताप धरला आणि दीड महिना उतरला नाही. गच्चीवर जाणं बंद झालं.

"त्या दिवशी हवा स्वच्छ होती," घारकाका म्हणाले. "त्याने जहाजातून माल उचलला, आडवा आणला आणि अर्ध्यावर थांबला. मी इशारा केला, पुढे घे. हलला नाही. मग रेडिओवर त्याचा आवाज आला. इतका शांत आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. म्हणाला, 'तळमजल्यावरच्या बाईंना फोन कर. गच्चीवर जा म्हणावं. पोरगी कठड्यावर बसली आहे.'"

मी खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या घरी फोन नव्हता. ऑफिसात त्याच्या नावापुढे दातवाल्या बाईंचाच नंबर लिहिलेला होता. मी धावत जाऊन फिरवला. बाहेर येऊन बघतो तर केबिन रिकामी. माल तसाच हवेत लटकतोय आणि हा शिडीवरून खाली येतोय. उतरला आणि धावत सुटला. मागे वळून बघितलं नाही."

लटकता माल सोडून खाली उतरणं म्हणजे बंदरावरचा सगळ्यात मोठा अपराध. दुसरा चालक वर जाईपर्यंत वीस मिनिटं तो माल वाऱ्यावर झुलत होता. धक्का रिकामा करावा लागला. दुसऱ्या दिवशी बाबांकडून लेखी खुलासा मागितला गेला.

"मी त्याला म्हणालो, खरं काय ते लिही," घारकाका म्हणाले. "पोरीच्या जिवाचा प्रश्न होता, तुला कोणी सुळावर देणार नाही. तो म्हणाला, खरं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदराला कळेल आणि उद्या बाजारात कोणीतरी तिला गाठून विचारेल, काय हो, तुमची मुलगी पडणार होती म्हणे? ती आधीच तापाने अर्धी झालीये. तिचा डोळा लागला होता एवढाच तिचा गुन्हा. हे कळलं तर ती जन्मात पुन्हा डोळा लावायची नाही."

म्हणून बाबांनी लिहिलं, 'चक्कर आली.' डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. पण नियम तो नियम. एकदा चक्कर कागदावर आली की माणसाला पुन्हा उंचीवर चढवत नाहीत. त्या दोन शब्दांनी त्यांची चौदा वर्षं संपली.

"त्याला कळत होतं का, लिहिताना?" मी विचारलं.

"नियमाचं पुस्तक त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं," घारकाका म्हणाले.

परत येताना मी बसमध्ये बसले नाही. चालत आले. वाटेत तीनदा थांबून क्रेनकडे बघितलं, पण आता मधे नव्या इमारती आल्या आहेत. आमच्या गच्चीवरून काहीच दिसत नाही.

घरी जाण्याआधी मी तळमजल्यावर डोकावले. दातमावशी, म्हणजे त्याच दातवाल्या बाई, कार्यशाळेच्या मागच्या खोलीत राहतात. वय चौऱ्याऐंशी, आणि स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. "धंद्याची बदनामी आहे ही," असं बाबा त्यांना म्हणायचे. लग्न केलं नाही, नातेवाईक दूर. आमच्या घरचंच जेवण त्यांच्याकडे जातं.

"घारीने तोंड उघडलं वाटतं," माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या. "बस. आणि मधे मधे बोलू नकोस, मला मग आठवत नाही."

फोन आला तेव्हा त्यांनी नुकतंच प्लास्टर कालवलं होतं. हात तसेच घेऊन त्या तीन जिने चढल्या. गच्चीचं दार उघडं होतं. मी कठड्यावर बसले होते, पाय बाहेर सोडून.

"मी हाक मारली नाही. हाक मारली की पोर वळतं. मागून गेले आणि कंबर धरून उचललं. तू माझ्यावर चिडलीस."

"मी? का?"

"तू हात हलवत होतीस, त्या क्रेनकडे. मी तुझा खेळ मोडला. 'बाबांनी अजून हात हलवला नाही' म्हणत पाय झाडत होतीस."

मला यातलं काहीही आठवत नाही. मी डोळे मिटून बघितलं, गच्ची आठवली, कठडा आठवला, वर बाबांनी नंतर बसवलेली जाळी आठवली. पाय बाहेर सोडून बसलेली मी आठवले नाही. स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग माणसाला माहीतच नसावा, याचं मला नवल वाटत राहिलं.

"तुझ्या पिवळ्या फ्रॉकवर माझे दोन पांढरे पंजे उमटले होते," मावशी म्हणाल्या. "तुझ्या आईला सांगितलं, पोरगी खाली माझ्याकडे खेळत होती. ती बिचारी तापात, तिने हो म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात तुझा बाप आला. तुला आधी बघितलं, वर आईला झोपलेली बघितलं आणि मग खाली येऊन त्या स्टुलावर बसला. पाणी दिलं तर अर्धं सांडलं. हात थांबेनात. म्हणून मी त्याच्या हातात मेणाचा गोळा दिला आणि समोर एक जबडा ठेवला. म्हटलं, ही दाढ कर."

"केली?"

"बटाटा केला. पण हात थांबले. मग दुसरा बटाटा केला, तो जरा बरा होता."

पुढे क्रेन बंद झाल्यावर बंदराने त्यांना खाडीपलीकडच्या गोदामात काम देऊ केलं. जायला दीड तास, यायला दीड तास. त्या संध्याकाळी बाबा मावशींकडे आले आणि विचारलं, "तुमच्याकडे माणूस लागतो का?"

"मी म्हटलं, अडतिसाव्या वर्षी शिकणार? तुझे दुधाचे दात तरी पडलेत का?" मावशी हसल्या. "तर मला म्हणतो, 'बाई, मला दातांतलं काही कळत नाही. पण ही खोली माझ्या घराच्या खाली आहे. जिन्यात पाऊल वाजलं की इथे ऐकू येतं.' मी म्हटलं, हे कारण झालं का रे? तो म्हणाला, 'माझ्यापाशी एवढंच आहे.' पहिल्या वर्षी त्याने माझे चाळीस साचे फोडले. पण क्रेनवरचा हात होता. दात खाली ठेवायचा तो असा की आवाज येऊ नये. चार वर्षांनी मी माझं काम त्याला तपासायला द्यायला लागले."

मला माझं उत्तर मिळालं होतं. ते आईला सांगायचं नाही, असं मी जिना चढता चढता ठरवलं. बाबांनी तेहेतीस वर्षं जे झाकलं ते मी अर्ध्या पानासाठी उघडं करायचं काही कारण नव्हतं.

आई स्वयंपाकघरात टॉवेलच्या घड्या घालत होती.

"मिळालं का तुझं ते कारण?" तिने विचारलं. मी कुठे गेले होते हे तिला सांगितलं नव्हतं, पण माझ्या चपलांवरची बंदराची लाल माती तिने बघितली असावी.

"चक्करच होती," मी म्हणाले.

आईने हातातला टॉवेल खाली ठेवला. "तूही तेच सांग आता," ती म्हणाली. "चक्कर म्हणे. त्या माणसाला? मी ते बाहेरच्यांना सांगायची, कारण खरं सांगायची मला लाज वाटायची."

मी तिच्या समोर बसले. "खरं काय आहे, आई?"

"तुझा भाऊ जेमतेम महिन्याचा होता. मी अंथरुणात. एका सकाळी ते कामावर निघाले आणि मी तापाच्या भरात बोलले. म्हटलं, तुम्ही वर बसून जगाचं सामान हलवता, माझ्या घरातली एक बादली हलवायला कोणी नाही. ते डबा उचलून गेले. तीन आठवड्यांत क्रेन सुटली." ती टॉवेलाची कड सरळ करत राहिली. "एवढा गुणी हात आणि माझ्या एका वाक्याने खाली आला. नंतर एकदा विचारलं तर म्हणाले, चक्कर यायची. मला कळलं, माझ्यावर खापर फुटू नये म्हणून खोटं बोलताहेत."

बाबांनी तिला एका ओझ्यापासून वाचवायला तोंड बंद ठेवलं आणि त्याच गप्पपणातून तिने दुसरं ओझं उचललं. तेहेतीस वर्षं, एकाच घरात, एकाच ताटाभोवती बसून. घारकाकांनी मला परत केलेला शब्द माझ्याकडे जेमतेम तासभर टिकला.

मी तिला सगळं सांगितलं. कठडा, रेडिओ, फोन, पांढरे पंजे. काही वगळलं नाही. वगळलं असतं तरी तिने ओळखलं असतं.

आईने एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "गच्चीचं दार मी उघडं ठेवलं होतं का?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"नको विचारूस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो फ्रॉक मी तीन वेळा धुतला होता. मनात म्हणायची, या बाईंना पोरीला हात लावायच्या आधी हात धुता येत नाहीत का?"

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. दोन्ही एकदमच चाललं होतं. मग तिला राग आला. तो मला अपेक्षित नव्हता, पण मला तो बरा वाटला.

"मला सांगायला हवं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मी काय मेणाची होते? रडले असते चार दिवस. मग जाळी बसवली असती आणि दोघं मिळून काळजी केली असती. एकट्याने काय करत बसले?"

"कवळ्या," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघून नको नको म्हणत हसायला लागली.

चहा झाल्यावर मी कागद पुढे ओढला. तिसऱ्या प्रश्नापुढची जागा अजून कोरी होती. "काय लिहू?" मी विचारलं.

आईने विचार केला. "लिही, कामाची जागा घराच्या खाली होती."

"एवढंच?"

"खरं आहे ना? मग एवढंच. बाकीचं त्यांच्या अंकाला कशाला?"

मी तेवढंच लिहिलं. तोवर आई टेबलावरचा माझा फोन उचलून उलटसुलट बघत होती.

"घारीचा नंबर आहे ना यात? लावून दे."

"आत्ता? काय विचारणार आहेस?"

"चौदा वर्षं हा माणूस वर काय करत बसायचा, ते मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "घरी आले की मी माझंच सांगायची. नंतर वाटायचं, विषय काढला तर दुखेल. आता कोणाला दुखणार आहे?"

मी नंबर लावून दिला. पलीकडून घारकाकांचा घाबरा आवाज मला इथवर ऐकू आला. त्यांना वाटलं असणार, आता खरडपट्टी निघणार.

"तुम्हाला नंतर बघते," आई म्हणाली. "आधी मला सांगा, ते वर चढायचे तेव्हा किती पायऱ्या होत्या? आणि डबा वरच खायचे की खाली यायचे?"

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, पाय वर घेतले आणि फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडून काका बोलत होते. मधेच तिने त्यांना थांबवलं.

"गाणं म्हणायचे? रेडिओवर? सगळ्यांना ऐकू जायचं?" ती म्हणाली. "थांबा, थांबा, असं भराभर नको. हळू सांगा. कोणतं म्हणायचे?"